उन्हाचा रोजमेळ

चातुर्मासात जालन्याच्या रेल्वे स्थानकावर उतरणाऱ्यांत दर्शनार्थी कुटुंबे पुष्कळ असतात. गुरु गणेश तपोधामाची वाट येथल्या रिक्षावाल्याला सांगावी लागत नाही. दर्शन, प्रवचन, आप्तांकडे एखादा मुक्काम, बाजारात थोडीफार खरेदी आणि मग परतीची गाडी, असा बहुतेकांचा क्रम असतो. शहराच्या वेशीबाहेरचा जिल्हा पाहायचा राहूनच जातो. मोसंबीच्या बागा, काळ्याभोर जमिनी, शेततळी आणि अलीकडच्या काही वर्षांत शिवाराशिवारात दक्षिणेकडे तोंड करून उभी राहिलेली सौर पॅनेलची निळसर चौकट गाडीच्या खिडकीतून क्षणभर दिसते आणि मागे पडते.

जालना हे हिशेबाचे गाव. कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर नवा. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण येथल्या जुन्या व्यापारी वैभवाची आठवण देते. 1 मे 1981 रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळे होऊन हा स्वतंत्र जिल्हा झाला. पण बाजारपेठ म्हणून त्याची ओळख त्याच्या कितीतरी आधीची. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी सुरू केली आणि जालन्याचे बियाणे देशभर पोहोचले. पुढे पोलादाच्या भट्ट्या आणि सळयांचे कारखाने आले. भट्टी विजेवर चालते, म्हणून येथल्या उद्योजकाला विजेचा दर पाठ असतो. एका युनिटमागे पन्नास पैसे वाढले तर टनामागे किती, हे तो कागद न घेता सांगतो.

याच शहराला एके काळी पाणी विजेविना मिळत असे, ही गोष्ट मात्र पाहुण्यांना क्वचितच कोणी सांगते. निजामाच्या राजवटीत बांधलेल्या घाणेवाडीच्या जलाशयाचे पाणी उताराने, आपल्याच ओढीने शहराकडे येई. पुढे लोकवस्ती वाढली, तलाव गाळाने भरला आणि नाथसागराचे पाणी पैठणहून अंबडमार्गे पंपांनी उचलून आणावे लागले. मधल्या काळात नागरिकांनी पुढाकार घेऊन, वर्गणी काढून घाणेवाडीचा गाळ उपसला. तो गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या रानात नेऊन टाकला. सामायिक वस्तू सर्वांनी मिळून राखायची असते, हे जालन्याला नवे नाही.

गावात विजेच्या बाबतीतही असा एक जुना सामायिक व्यवहार आहे. त्याला कोणी भारदस्त नाव दिलेले नाही. तो म्हणजे डीपीचा.

डीपी म्हणजे शिवारातले रोहित्र. 63 केव्हीएच्या एका डीपीवर पाच अश्वशक्तीच्या दहा-बारा मोटारी नीट चालाव्यात असा हिशेब असतो. प्रत्यक्षात वीस-वीस चालतात. शेतीची वीज कधी दिवसा, तर कधी रात्री, पाळीपाळीने येई. रात्रीची पाळी असली की माणूस बॅटरी घेऊन विंचू-सापांच्या भीतीने चाचपडत स्टार्टरपर्यंत जाई. हे टाळायला बहुतेकांनी ‘ऑटो’ बसवला. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते, मालक घरी झोपलेला असला तरी. सोय एकाची, पण वीज येताच सगळ्याच मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की भार एकदम वाढतो आणि डीपी जळतो. मग ऐन हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत आठ-आठ दिवस शिवार कोरडे. ऑटो काढा, कपॅसिटर बसवा, असे वीज कंपनी वर्षानुवर्षे सांगत आली. प्रत्येकाला ते पटते. आपला ऑटो मात्र कोणी काढत नाही, कारण शेजाऱ्याने काढला नाही तर आपण काढून उपयोग काय?

तरीही डीपी जळाला की हीच माणसे एकत्र येतात. वर्गणी निघते, जळालेले रोहित्र ट्रॅक्टरवर चढते, कार्यालयात चकरा होतात, कोणी तेलासाठी पैसे देतो, कोणी मजुरीसाठी. कोणी किती दिले याची एक वही असते. भांडणे याच वहीवरून होतात आणि याच वहीवरून मिटतातही. आज जगभर ‘ऊर्जा समुदाय’ म्हणून ज्या कल्पनेची चर्चा होते, एका वस्तीने वीज सामायिकपणे निर्माण करावी, वापरावी आणि यंत्राच्या साह्याने तिचा उघड हिशेब ठेवावा, तिचे अपुरे आणि त्रासिक का होईना, पण देशी रूप हेच आहे.

आता या शिवारात सौर पंप आला आहे.

सप्टेंबर 2024 मध्ये राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना सुरू झाली. किमतीचा दहा टक्के वाटा शेतकऱ्याने भरायचा. अनुसूचित जाती-जमातींसाठी तो पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत पाचचा आणि त्याहून अधिक जमिनीला साडेसातचा पंप मिळतो. एका महिन्यात 45 हजारांहून अधिक पंप बसवल्याबद्दल डिसेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या नावे गिनीज विश्वविक्रमाची नोंद झाली. तो सोहळाही जालन्याच्या शेजारी, छत्रपती संभाजीनगरात पार पडला. अनुदानाच्या योजना कागदावरच राहतात असा ज्यांचा अनुभव आहे, त्यांनी समृद्धी महामार्ग सोडून जालन्याच्या आतल्या रस्त्यांनी एकदा जावे.

सौर पंपाने शेतकऱ्याला जे दिले त्याचे मोल शहरी माणसाला चटकन कळत नाही. रात्र संपली. सकाळी आठ-नऊला ऊन तापू लागते, मोटार हळूहळू वेग घेते, दुपारी पूर्ण जोराने पाणी ओढते आणि उन्हे कलली की आपोआप मंदावते. डीपी नाही, तार नाही, पाळी नाही, बिल नाही. वायरमनची वाट पाहणे नाही. घरातल्या बाईला रात्री दोन वाजता दारात उभे राहून बॅटरीचा उजेड परत येतो का, हे पाहावे लागत नाही. एवढी एकच गोष्ट असती तरी पंपाची किंमत वसूल झाली असती.

मात्र पंप ज्याचा त्याचा झाला आणि डीपीभोवतीची मंडळी पांगली. वर्गणी उरली नाही, तसा एकत्र बसण्याचा प्रसंगही उरला नाही. प्रत्येकाचे पॅनेल वेगळे, प्रत्येकाची मोटार वेगळी. खालचे पाणी मात्र एकच आहे.

हा मुद्दा समजायला जालन्याची जमीन समजून घ्यावी लागते. येथे सरासरी पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास. पण तो सरासरीला बांधलेला नाही. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कठीण काळा पाषाण. पाणी साठते ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. गंगेच्या मैदानासारखा खोल, भरपूर साठा येथे नाही; जे मुरते तेच वर्षभर पुरवायचे. एका विहिरीतून अधिक उपसा झाला की काही दिवसांत शेजारच्या विहिरीची पातळी उतरते. विजेची टंचाई होती तोवर तीच उपशाला लगाम घालत होती. तो लगाम चांगला नव्हता, अन्यायाचाही होता, पण होता. सूर्याच्या विजेला बिल नाही, म्हणून पुढचा तास मोटार चालवायला खर्चही नाही. पाणी हवे तेवढेच ओढावे, असे सांगणारे आता यंत्रात काही उरले नाही. ते माणसांनाच ठरवावे लागेल.

जालना तालुक्यातील कडवंचीने असे ठरवण्याचा वस्तुपाठ यापूर्वी घालून दिला आहे. 1996 पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात येथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्तीची कामे झाली. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांचे मार्गदर्शन लाभले. विजयअण्णा बोराडे यांचे नाव या कामाशी कायमचे जोडले गेले. कोरडवाहू गावात द्राक्षबागा आल्या, शेकडो शेततळी झाली. 2012 च्या दुष्काळात मराठवाड्यातली गावे टँकरची वाट पाहत असताना कडवंचीच्या बागा तगल्या आणि तेव्हापासून राज्यभरातले शेतकरी हे गाव पाहायला येऊ लागले. जमिनीवरचे काम कंत्राटाने करता येते. पाणी किती मुरले, किती आहे आणि कोणत्या पिकाला किती लागेल, याचा विचार गावाने करणे मात्र कंत्राटाने होत नाही, आणि कडवंचीचे खरे यश तेथेच आहे. शेततळ्यांचीही दुसरी बाजू आहे. प्लास्टिक अंथरलेले तळे पावसाच्या पाण्याऐवजी विहिरीतून उपसून भरले, तर सामायिक पाणी खाजगी टाकीत जाते आणि उन्हात वाफ होऊन उडते. मराठवाड्यात अनेक ठिकाणी हेच घडले. बिनखर्चाची मोटार हाताशी आल्यावर हा मोह वाढणारच.

पाणी मोजण्याची व्यवस्था जिल्ह्यात अगदीच नाही असेही नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये नोंदवते. केंद्राच्या अटल भूजल योजनेत राज्यातील ज्या तेरा जिल्ह्यांची निवड झाली त्यांत जालना आहे. या योजनेत पर्जन्यमापक आले, पातळी आपोआप नोंदवणारी यंत्रे आली आणि ग्रामपंचायतींनी पाण्याचे अंदाजपत्रक मांडावे अशी रीत आली. पाऊस किती झाला ते जमेला, पिके आणि माणसे-जनावरे यांची गरज नावे, आणि खाली शिल्लक किंवा तूट. दुकानाच्या गादीवर बसलेल्या कोणालाही ही वही समजावून सांगायची गरज नाही.

आणि सौर पंपाजवळही एक वही आहे. अनुदानाच्या प्रत्येक पंपाला दूरनियंत्रित नोंदीचे उपकरण जोडावे लागते. त्यात मोबाइलसारखे सिमकार्ड असते. पंप किती तास चालला, किती वीज तयार झाली, बंद पडला तर केव्हा, हे सारे ते उपकरण दूरच्या सर्व्हरकडे पाठवत राहते. पंप नादुरुस्त झाला तर कळावे, अनुदान खरोखर वापरात आहे की नाही हे तपासता यावे, असा त्याचा हेतू. हेतू योग्यच आहे. पण हा आकडा शेतातून निघतो आणि थेट वर जातो. फार तर मालकाच्या मोबाइलवर दिसतो. शेजारच्या सर्व्हे नंबरात तसाच दुसरा आकडा असतो, त्यापलीकडे तिसरा. एका गावच्या सगळ्या मोटारींनी मिळून आज किती तास पाणी ओढले, ही एकच ओळ चावडीवर लिहिली गेली तर पाण्याच्या अंदाजपत्रकातला सर्वांत अंदाजी रकाना, उपशाचा, अंदाजी राहणार नाही. पाण्याची वही ग्रामपंचायतीत, उन्हाची वही सर्व्हरवर. दोन्हींत नोंद त्याच विहिरींची आहे. पण त्या दोन वह्या एकमेकींना भेटत नाहीत.

हिशेब जुळवायला घेतला की आणखी एक गोष्ट उघडी पडते. पाच अश्वशक्तीच्या पंपाला साधारण पाच किलोवॅटची पॅनेल असतात. स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्यांतून वीसेक युनिट वीज होऊ शकते. मोसंबीची बाग असेल तर पाणी उन्हाळ्यातही लागते. पण सोयाबीन-हरभरा घेणाऱ्या शेतकऱ्याची मोटार वर्षातले दोनशे दिवस तरी बंदच असते. ढगाळ दिवस वजा करूनही एका पंपामागे वर्षाला तीन हजार युनिट निर्माणच होत नाहीत, कारण ती घ्यायला कोणी नसते. गावात असे शंभर पंप असले तर तीन लाख युनिट. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या अडीचशे घरांची ही वर्षाची वीज. हा ढोबळ हिशेब आहे, त्यात चार गोष्टी कमी-अधिक होतील. पण कोणत्याही व्यापाऱ्याने एवढा माल गोदामात पडून राहिलेला सहन केला नसता. या विजेवर पिठाची गिरणी, कडबाकुट्टी किंवा छोटे शीतगृह चालवता येईल असे बहुउपयोगी नियंत्रक केंद्राच्या योजनेत मान्य झालेले आहेत. अडचण यंत्राची कमी, व्यवस्थेची अधिक. माझ्या पॅनेलवर तुमची गिरणी चालली तर पैसे कोणी कोणाला द्यायचे, हे लिहून ठेवणारी वहीच नाही.

ही वही लिहिणारी गावे महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांची वाट जालन्याहून फार लांबची नाही. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यातली दरेवाडी ही डोंगरातली आदिवासी वाडी. विजेची तार तेथे पोहोचली नव्हती. 2012 मध्ये पुण्याच्या ‘ग्रामऊर्जा’ या संस्थेने बॉश कंपनीच्या साह्याने तेथे सुमारे साडेनऊ किलोवॅटचा सामायिक सौर प्रकल्प उभारला; घरे होती 39. आजच्या मापाने पाहिले तर ही वीज दोन सौर पंपांइतकी! पण ती वाडीची होती. प्रत्येक घराला मीटर, वापराप्रमाणे पैसे, वसुली गावच्याच समितीकडे, आणि जमा रकमेतून पुढे बॅटऱ्या बदलायच्या हे आधीच ठरलेले. फुकट दिवा लावून फोटो काढण्याचे कार्यक्रम आदिवासी पाड्यांवर पुष्कळ झाले. दोन वर्षांनी तेथे मोडकी पॅनेल तेवढी उरली. दरेवाडीत मीटर होता, म्हणून देखभालीला पैसा होता.

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीने दुसरी वाट धरली. ऑगस्ट 2024 मध्ये हे राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. येथे तार होतीच. शंभरएक घरांच्या छपरांवर पॅनेल बसली आणि शाळा, ग्रामपंचायत, पाणीपुरवठा, रस्त्यावरचे दिवे हेही सूर्यावर आले. येथली जास्तीची वीज वाया जात नाही. ती वीज कंपनीच्या तारेत जाते आणि दुहेरी मीटर तिची जमा दाखवतो. स्वच्छतेच्या स्पर्धांपासून एकत्र काम करण्याची सवय या गावाने आधीच लावून घेतली होती. सौर पॅनेल त्या सवयीवर बसली.

तिसरी वाट तर जालन्याच्या अगदी शेजारी आहे. वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे सप्टेंबर 2024 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला राज्यातील पहिला प्रकल्प सुरू झाला. तीन मेगावॅटचा हा प्रकल्प परिसरातल्या गावांतील सुमारे सतराशे शेतकऱ्यांच्या जुन्याच मोटारींना दिवसा वीज देतो. येथे पॅनेल एकाच जागी, फिडर सामायिक, मोजणी उपकेंद्रात. पंप बंद असले तर वीज ग्रिडमध्ये जाते. जेथे तार पोहोचलेली आहे तेथे ही वाट एकेकट्या पंपापेक्षा शहाणपणाची, असेच म्हणावे लागेल; जेथे तार नाही तेथे सौर पंपाला पर्याय नाही. घाईत दोन्ही ठिकाणी एकच उपाय वापरला गेला तर नुकसान शेवटी पाण्याचेच होईल.

मोजण्याचे साधन नागरिकांच्या हातात आले तर काय होते, याचा एक प्रयोग पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटाने केला होता. घरातल्या साध्या प्लगमध्ये बसणारे एक छोटे यंत्र दर मिनिटाला विजेचा दाब नोंदवी आणि मोबाइलच्या जाळ्यातून ती नोंद पाठवी. देशभरातल्या शेकडो ठिकाणच्या या नोंदी सर्वांना पाहण्यासाठी खुल्या ठेवल्या होत्या. वीज किती वाजता गेली, दाब किती पडला, यावर वाद घालण्याचे कारण उरले नाही. ‘आमच्याकडे वीज नसते’ ही तक्रार आणि ‘पुरवठा सुरळीत आहे’ हे उत्तर, या दोन्हींच्या मध्ये प्रथमच एक आकडा उभा राहिला.

शहरातल्या वसाहतींना तर हे सारे अधिक सोपे आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्य घर योजनेत एका घराला तीन किलोवॅटपर्यंत 78 हजार रुपयांचे अनुदान आहे. गृहनिर्माण संस्थेला लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18 हजार. नव्या मीटरांविषयी लोकांच्या मनात शंका आहेत, आणि त्या पुसून टाकण्याची जबाबदारी मीटर बसवणाऱ्यांचीच आहे. पण तास-तासाचा वापर दाखवणारा मीटर एक गोष्ट निश्चित उघड करतो: सूर्याची वीज दुपारी होते आणि घरांचा वापर संध्याकाळी सात ते दहा वाढतो. जुलै 2025 पासून राज्यात अशा मीटरवर सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेत घरगुती ग्राहकाला दरात सवलत आहे. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची परंपरा आहे, त्यांचा मीटर इतरांपेक्षा थोडा वेगळा आलेख काढत असेल. हे सहज मनात येणारे; त्याचा फार बाऊ करण्याचे कारण नाही.

पावसाळा सरता सरता जालन्याच्या गावांत पाण्याचे अंदाजपत्रक मांडायची वेळ येते. शिवारात तेव्हा मोटारी गप्प असतात. कापसाला बोंडे धरलेली, सोयाबीन काढणीला आलेले, विहिरी काठोकाठ. पॅनेलवर ऑक्टोबरचे कडक ऊन पडत असते आणि तारेतून काहीच वाहत नसते. ग्रामपंचायतीत पावसाचे मिलिमीटर लिहिले जातात, पिकांचे क्षेत्र लिहिले जाते. बसलेल्या प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये गेल्या रब्बीत मोटार किती तास चालली त्याची नोंद असते. ती विचारायला आणि लिहून घ्यायला एखादी संध्याकाळ पुरेल. डीपीच्या वर्गणीची जुनी वही कोणाच्या तरी फडताळात अजून असतेच. तिच्यात नावे आहेत, सर्व्हे नंबर आहेत, कोणाची विहीर कोणाच्या बांधाला आहे तेही आहे, आणि मागची पाने कोरी आहेत.